नववीच्या इतिहासातली डॉक्टरीणबाई

सौदीतल्या तबूकला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली. मी इथल्या एका रुग्णालयात बायकांच्या विभागात फिजिओथेरपिस्ट आहे आणि नवरा एका बांधकाम कंपनीत. मुलगी इंडियन स्कूलमध्ये नववीत होती तेव्हाची ही गोष्ट.

तिला इतिहासात जर्मनीच्या हुकूमशहाचा धडा होता. तो सत्तेवर कसा आला आणि त्याने ज्यूंचं काय केलं, यावर वर्गात बोलायचं होतं. जेवताना ती म्हणाली, "मम्मा, हाऊ? लोगों ने खुद उसको वोट दिया!"

मी नेहमीचंच उत्तर दिलं. देश युद्ध हरला होता, लोकांना कामं नव्हती, सगळे चिडलेले होते, तो भाषणं जोरदार करायचा. नवऱ्याने पोळीचा तुकडा मोडत भर घातली, "शिस्त मात्र लावली हो त्याने." मुलीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो भाजी वाढून घ्यायला लागला. मग तिने विचारलं, "तू कधी ज्यू माणूस बघितलायस?"

"बघितलाय म्हणजे? आमच्या शेजारीच राहायचे ते."

तिचा घास हातातच राहिला. मी रेवदंड्याजवळच्या गावातली. आमच्याकडे त्यांना शनवार तेली म्हणत, कारण त्यांच्या आज्या-पणज्यांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत. मी लहान होते तोवर घाणे गेले होते, पण शेजारच्या मावशी होत्या. नऊवारी नेसायच्या, शाळेत गणित शिकवायच्या. सणाला गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून हलवा करायच्या आणि पहिली वाटी आमच्याकडे यायची. त्या ज्यू आहेत म्हणजे जगात आणखी कुठे त्यांच्यासारखे लोक आहेत, हे मला कॉलेजात जाईपर्यंत नीट कळलंही नव्हतं. पुढे त्या मुलांकडे इस्राएलला गेल्या, वाळवंटातल्या एका शहरात. अजून फोन येतो. पण तबूकला आल्यापासून मी त्यांच्याबद्दल कुणाशी, अगदी मुलीशीही, बोलत नव्हते. बोलू नको असं मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी बोलले नव्हते.

"त्या मराठी बोलतात?" मुलीने विचारलं.

"तुझ्यापेक्षा चांगलं."

शुक्रवारी सुट्टी होती. मी मावशींना फोन लावला आणि मुलीला जवळ बसवलं. मावशी आता ऐंशीच्या पुढे आहेत. तिकडे गाझाचं युद्ध सुरू होतं. तरी आवाज तोच होता, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"तबूक म्हणजे कुठे ग? मुलाने नकाशात दाखवलं. अग, तू तर माझ्या उशाशीच आहेस! मुंबईची माणसं किती लांब. पण यायची सोय नाही, बघ."

मुलीने धड्याचं सांगितलं. तिच्या मराठीत मध्ये मध्ये इंग्रजी घुसत होतं. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुस्तकात आहे ते वाच. मी तुला आमच्या डॉक्टरीणबाईंचं सांगते."

मलाही हे माहीत नव्हतं. मावशींचं लहानपण भायखळ्याला गेलं. त्यांच्या घरात एक खोली भाड्याने दिलेली असे, आणि तिथे जर्मनीहून पळून आलेलं एक ज्यू जोडपं राहत होतं. बाई लहान मुलांच्या डॉक्टर, नवरा इंजिनीयर. मावशी त्यांच्याच मांडीवर वाढल्या. पुढचं सगळं मावशींच्या आईने त्यांना सांगितलेलं.

"जर्मनीत त्यांच्या समोर एक गृहस्थ राहायचा. त्याच्या मुलाला घटसर्प झाला होता, तो बाईंनी वाचवला. तो गृहस्थ रस्त्यात भेटला की टोपी काढायचा. निवडणूक झाली, हुकूमशहा आला. मग तो नुसती मान हलवायला लागला. नंतर बाई दिसल्या की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. बाई म्हणायच्या, मला वाटलं त्याला चष्मा लागला असेल."

मुलगी हसली आणि लगेच थांबली.

"मग रुग्णालयाने बाईंना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. नवरा म्हणाला, हे फार दिवस चालायचं नाही. तो आधीच्या युद्धात जर्मनीकडून लढला होता, पदक होतं त्याच्याकडे. मग बागेतल्या बाकावर बसायची बंदी. माझी आई त्यांना विचारायची, अहो, तेव्हाच का नाही निघालात? त्या म्हणायच्या, रोज वाटायचं, यापुढे आणखी काय करणार आहेत? शेवटी दुकानं फोडली, माणसं उचलून नेली, तेव्हा निघाले. आईवडील नाही आले. म्हणाले, आम्हा म्हाताऱ्यांना कोण काय करतंय?"

"आणि मग इंडियात सेफ होते?" मुलीने विचारलं.

"थांब ना. युद्ध लागलं तसे इंग्रजांचे पोलीस आले आणि बाईंच्या नवऱ्याला घेऊन गेले."

"का? ज्यू म्हणून?"

"नाही. जर्मन म्हणून!"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मावशी सांगत होत्या. त्याला नगरच्या छावणीत ठेवलं, शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून. तिथे त्याच्या शेजारच्या खाटेवरचा जर्मन रोज सकाळी हुकूमशहाच्या नावाने हात वर करायचा. ज्याच्यापासून पळाला, त्याच्याच माणसांबरोबर एका पंगतीत बसून जेवण. काही महिन्यांनी सुटला, पण घरी आल्यावर कितीतरी दिवस कुणाशी बोलला नाही.

"जर्मनीत तो जर्मन नव्हता आणि इकडे होता," मुलगी हळूच म्हणाली. मी मान हलवली. मला स्वतःलाच ते पुन्हा एकदा मनात जुळवून बघावं लागत होतं.

तेवढ्यात फोनमधून कसलातरी लांबट आवाज आला. "भोंगा वाजतोय ग," मावशी म्हणाल्या. त्यांच्या सुनेचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि फोन बंद. मुलीने माझा हात धरला होता. नवरा दारात येऊन म्हणाला, "हे नसते उद्योग कशाला? इकामा आहे आपला, इथे राहायचंय." इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. थोड्या वेळाने मावशींचा निरोप आला, बोलून पाठवलेला. "आले तळघरातून परत. गुडघ्यांनी जीव घेतला, दुसरं काही नाही. पोरीला म्हणावं घाबरू नको."

त्याच दिवशी दुपारनंतर माझी मैत्रीण चहाला आली. माझ्याच विभागात काम करते. पॅलेस्टिनी आहे. तिचा जन्म अम्मानचा, पण आईकडचे सगळे गाझात. मी नवीन होते तेव्हा रुग्णांशी बोलण्यापुरतं अरबी मला तिनेच शिकवलं. मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाला ती घरी केलेला बसबूसा, रव्याचा गोड केक, आणायची. युद्ध सुरू झाल्यापासून ती कामावर फोन खिशात न ठेवता हातात धरून असायची. तिची खाला, म्हणजे मावशी, तिकडे अडकली होती.

मी चहा ओतत असताना मुलीने तिला लॅपटॉप दाखवला. पडद्यावर ज्यू म्हणून ओळखू यावीत यासाठी अंगरख्यावर पिवळा तारा शिवलेली लहान मुलं होती. मैत्रीण बराच वेळ बघत राहिली.

"माझे वडील शाळेत इतिहास शिकवायचे," ती म्हणाली. "हे आम्हाला त्यांनी शिकवलं होतं. नीट शिक."

मुलीला हुरूप आला. तिने डॉक्टरीणबाईंची सगळी गोष्ट सांगितली, टोपी, बाक, नगरची छावणी. मैत्रीण ऐकत होती. छावणीचं ऐकून तिने कपाळावर हातही मारला. मग मुलगी म्हणाली, "आईच्या मावशीने सांगितलं आज. ती इस्राएलमध्ये असते."

मला कप खाली ठेवायला जागा सापडेना.

"तुझी मावशी?" मैत्रिणीने मला विचारलं.

"शेजारच्या. लहानपणच्या."

"घरात कुणी सैन्यात आहे?"

खोटं बोलता आलं असतं. "नातू आहे," मी म्हणाले.

ती उठली. अबाया घातली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली. माझ्याकडे पाहिलं नाही. मुलगी रडकुंडीला आली, "मी काय चुकीचं बोलले?" नवरा म्हणाला, "मी सांगितलं होतं." मी चहाचे कप उचलले. चूक कुणाची, मला खरंच कळत नव्हतं. मावशींचा भोंगा माझ्या कानात होता आणि मैत्रिणीच्या हातातला फोन डोळ्यांसमोर. एकीची काळजी वाटली की दुसरीशी बेइमानी केल्यासारखं वाटायचं.

शाळेत मुलीचं बोलणं चांगलं झालं. एका मुलाने विचारलं म्हणे, पण देश तर त्याने मजबूत केला ना? मुलीने त्याला विचारलं, कुणाचा देश? घरी येऊन मला म्हणाली, "त्या टोपीवाल्या माणसाला कळलं असेल का, आपण बदललोय ते?" मी म्हणाले, माहीत नाही.

कामावर मैत्रीण माझ्याशी कामापुरतं बोलायची. या बाईचा गुडघा बघ, त्या बाईला व्यायाम दे, खलास. मी डबा एकटीच खायचे. मग एक दिवस ती आलीच नाही. विभागातल्या नर्सने सांगितलं, तिच्या खालाचं घर पडलं. आत सगळे होते.

तिच्या घरी भेटायला जावं की नाही? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तिला तुझं तोंड बघायचं नसेल तर?" मलाही तीच भीती होती. तरी गेले. बायकांच्या खोलीत भिंतीला लागून बायका बसल्या होत्या. कुणीतरी मला कडू कॉफी आणि खजूर दिला. आपल्याकडे अशा वेळी काय बोलतात ते मला येतं, त्यांच्याकडचं येत नव्हतं. मैत्रिणीने मला पाहिलं, शेजारच्या बाईला सरकायला सांगितलं आणि मला जवळ बसवून घेतलं. माझा हात तिने मांडीवर ठेवून घेतला.

निघताना ती दारापर्यंत आली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "ती जर्मन डॉक्टर. तिचं पुढे काय झालं?"

अशा दिवशी तिला हे का आठवावं? मी म्हणाले, "मला माहीत नाही. विचारते."

मावशींना फोन केला. खरं तर आधी त्यांना मैत्रिणीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सगळेच आत होते?" मी हो म्हणाले. "देवा," त्या म्हणाल्या. त्यांचा नातू तेव्हा कुठे होता, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मग डॉक्टरीणबाईंचं विचारलं. युद्ध संपल्यावर बाई रोज टपालाची वाट बघायच्या. आईवडिलांचं पत्र आलं नाही. शेवटी एका संस्थेकडून कळलं की त्यांना आगगाडीने पूर्वेकडच्या छावणीत नेलं होतं आणि तिथून कुणी परत आलं नाही. त्या दिवशी मावशींच्या आईने बाईंना जेवायला घातलं, तर त्या ताट घेऊन बसून राहिल्या. पुढे काही वर्षांनी नवरा-बायको इस्राएलमध्ये हायफाला गेले.

"तिथून पत्र आलं होतं आईला," मावशी म्हणाल्या. "सरकारने दोन खोल्यांचं घर दिलं. आधीचे लोक तिथल्या लढाईत पळून गेलेले, अरब. स्वयंपाकघरात त्यांची भांडी तशीच होती म्हणे. बाईंनी लिहिलं होतं, मी दोन दिवस चूल पेटवली नाही."

हे मी कुणाला सांगू? नवरा म्हणाला, काहीतरी गोड सांग तिला, इंग्लंडला गेली म्हण. मुलगी म्हणाली, "नो. तिने खरं विचारलंय." मी आठवडाभर टाळलं. मग मैत्रीण कामावर रुजू झाली आणि दुपारच्या सुट्टीत पूर्वीसारखी डबा घेऊन माझ्यासमोर बसली.

मी सगळं सांगितलं. आईवडिलांचं, गाडीचं, हायफाचं, भांड्यांचं. ती खाली बघून ऐकत होती. संपल्यावर विचारलं, "मग भांड्यांचं काय केलं तिने?"

"ते नाही सांगितलं मावशींनी."

"विचार."

संध्याकाळी विचारलं. मावशी म्हणाल्या, "वापरली असतील ग. दुसरं काय करणार?" आणि जरा थांबून, "तुझी मैत्रीण जेवते का नीट? बघत जा."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही वाक्यं मैत्रिणीला सांगितली, जशीच्या तशी. तिने डब्यातला भात चमच्याने इकडून तिकडे केला. "माझी आजी याफाची, तीही तशीच घर सोडून पळालेली," ती म्हणाली. "तिचीही भांडी कुणीतरी वापरली असतील." मग तिने भात खाल्ला, सगळा. बाहेर एक म्हातारी वॉकर घेऊन उभी होती. "यल्ला, चल," ती मला म्हणाली, आणि आम्ही दोघींनी मिळून म्हातारीला आत आणलं.