मामांचं तिसरं वर्ष

अमेरिकेचा अध्यक्ष कोण होणार ते अमेरिकेतली माणसं ठरवतात. पण तो झाल्यावर सिडनीतल्या टूनगॅबीत आम्ही फ्रिज कधी घ्यायचा, हे माझ्या बायकोचे मामा ठरवतात. निवडणुकीनंतरची दोन वर्षं बाजार मरगळलेला, तिसऱ्या वर्षी तेजी, चौथ्या वर्षी जपून, हे त्यांचं पंचांग. "निवडून कोण आला याच्याशी मला कर्तव्य नाही, जावईबापू. वर्ष कितवं ते बोला." ऐन डिसेंबरच्या उकाड्यात आमचा फ्रिज बंद पडला, ते नेमकं दुसरं वर्ष निघालं आणि मामा आडवे आले. उन्हाळाभर आमचं दूध त्यांच्या घरी. "आजोबा, इट्स जस्ट अ फ्रिज," माझी मुलगी म्हणाली. "बुडणारे सगळे असंच म्हणतात," मामा म्हणाले. त्यांचे स्वतःचे शेअर्स विकले असते तर फ्रिजचा दरवाजाही आला नसता.

इथल्या निवडणुकीत मतदान चुकवलं की दंड होतो, तो नको म्हणून मामा मत देऊन येतात. अमेरिकेतल्या मतदानाला मात्र रजा आणि कडक उपास. निकाल लागल्याशिवाय पारणं नाही. एकदा मोजणी लांबत गेली, तेव्हा आमच्या भागातल्या दुकानातला साबुदाणा संपला.

मामींचा जीव सांगलीत. "तिसऱ्या वर्षी घर विकू आणि परत जाऊ," हे ऐकत त्यांनी दोन तिसरी वर्षं काढली. दोन्ही वेळा बाजार चढला आणि दोन्ही वेळा मामा म्हणाले, अजून थोडा चढेल. शेवटी मामी एकट्याच गेल्या. एअरपोर्टला जाताना मामा पुढच्या सीटवर बसून रेडिओवर बाजारभाव ऐकत होते. मला त्यांचा राग आला होता, अजूनही येतो.

त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी मात्र मामांनी खरोखरच एजंटला बोलावलं. भाव ठरला, आणि एका रविवारी माझ्यासमोरच त्यांनी मामींना स्पीकरवर फोन लावला.

"अगं, बाजार छान चढलाय. आता येतो."

मामी म्हणाल्या, "माझ्याकडे यायचं तर मंदीतही या. बाजार चढला म्हणून नका येऊ."

मामांनी फोन पालथा ठेवला. मग हळूच म्हणाले, "जेवून जाता का? एकट्यापुरता भात लावायला मला अजून जमत नाही."

घर विकायचं राहिलं. मला वाटतं, आता त्यांना जायची लाज वाटते. पण हल्ली दर रविवारी ते सांगलीला फोन करतात. बाजाराचं अवाक्षर काढत नाहीत, "काय जेवलीस?" एवढंच विचारतात. त्यापुढे दोघांनाही बोलायला काही सुचत नाही, आणि दोघंही फोन ठेवत नाहीत.