भावोजी आणि गेरूची जांभई

आमच्या भावोजींच्या मते जगात प्राणी दोनच प्रकारचे. एक शेपूट असलेले, म्हणजे खरं बोलणारे, आणि दुसरे आपण. भावोजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. रोह्याजवळ वरसे गावात राहतात आणि कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुत्र्यांशिवाय दुसरा विषय नाही. जावई येणार म्हणून आम्ही इकडे हमरापूरला सकाळपासून राबावं, तर हे गृहस्थ ओटीवर पाऊल ठेवायच्या आधी अंगणात आमच्या गेरू कुत्र्याकडे पाठ करून उकिडवे बसलेले. "नमस्कार नंतर, वहिनी. आधी त्याला माझा वास घेऊ दे. घाई कुणाला हाय?" घाई मला असते, कारण आत वडे थंड होत असतात.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही तर शिक्षाच. एकदा वरसेला त्यांच्याकडे गेले असताना रोह्याला मासळी आणायला निघालो, तर वाटेतल्या प्रत्येक कुत्र्यापाशी थांबून माझी शिकवणी. "शेपूट हलतंय म्हणजे खूष, असं कुणी सांगितलं तुम्हाला? नुसतं शेपूट नका बघू, अख्खं अंग बघा. कंबरेपासून डुलला तर खूष. अंग ताठ आणि नुसतं शेपटाचं टोक थरथरतंय, तर आपला हात आपल्याजवळ ठेवा." आम्ही पोचेपर्यंत पापलेट संपलं होतं. बोंबील घेऊन घरी आलो आणि नणंदेची बोलणी मात्र मी खाल्ली.

ही विद्या ते माणसांवरही चालवतात. पुतण्यासाठी पेणला मुलगी बघायला गेले होते. सगळं छान चाललेलं, आणि हे भर बैठकीत म्हणाले, "मुलगी सारखी ओठावरून जीभ फिरवते, मान वळवते, जांभई दाबते. तिच्या जिवावर आलंय. चला, उठू या." पोहे संपवून उठले, एवढं तारतम्य दाखवलं. नणंद तिथून घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. पुढे त्या मुलीनं तिच्या पसंतीच्या मुलाशी लग्न केल्याचं कळलं आणि भावोजींचा भाव असा वधारला की विचारू नका.

पण या वेडाला मी नावं ठेवणं सोडलं, ते गेल्या वर्षीपासून. ऐन गणपतीच्या हंगामात गेरू नानांच्या उजव्या हाताला चावला. नाना म्हणजे माझे सासरे. आमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचं अंग कुणीही रंगवतं, पण डोळ्यांची आखणी फक्त नाना करतात. गेरूला पिल्लू असताना खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावरून उचलून आणलं तेही नानांनीच. दवाखान्यातून इंजेक्शन घेऊन आले आणि बांधलेल्या हाताकडे बघत म्हणाले, "आता ह्यो घरात नाय. मूर्तींचा टेम्पो डोलवीला जाईल तवा तिकडंच सोडून द्या." नानांपुढे बोलायची कुणाची टाप नाही. माझ्या हातची भाकरी खाऊन वाढलेलं जनावर हायवेच्या कडेला फिरणार, या विचारानं मला जेवण जाईना. मी गुपचूप भावोजींना फोन लावला.

ते मिळेल त्या एसटीनं आले. कारखान्यात बसून नानांना एवढंच म्हणाले, "नेमकं काय झालं ते सांगा."

सांगण्यासारखं काही नव्हतंच. काम संपलं की नाना रोज गेरूला पुढ्यात बसवायचे, हनुवटी धरायचे आणि मूर्तीच्या डोळ्यांत बघावं तसं त्याच्या डोळ्यांत टक लावून बघायचे. लाडानंच. गेरू मान वळवायचा, नाक चाटायचा, कान मागे पाडून जांभई द्यायचा. "झोप आली काय रं?" म्हणत नाना हनुवटी परत आपल्याकडे फिरवायचे.

"नाना, मूर्तीला चालतं ते," भावोजी म्हणाले. "कुत्र्याला असं रोखून बघणं म्हणजे दमदाटी वाटते. ती जांभई झोपेची नाय. तो 'पुरे करा' म्हणून विनवत होता."

"मग आधी गुरगुरला का नाय?"

"गुरगुरायचा तवा तुम्ही काय करायचात?"

गुरगुरला की त्याला दटावायचं, हे घरात प्रत्येकानं इमानेइतबारे केलं होतं.

"बोलायचीच सोय नाय ठेवली," भावोजी हळूच म्हणाले. "मग राहिले दात."

नाना म्हणाले, "माझी माया त्याला धाक वाटली व्हय?" एरवी तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या भावोजींनी नुसती मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून नाना गेरूकडे पाठ करून, भिंतीकडे बघत बसू लागले. गेरू आधी लांबून बघायचा. मग एका दुपारी आपणहून आला आणि नानांच्या पाठीला टेकून बसला. टेम्पो त्याच्याशिवायच डोलवीला गेला.

यंदा गणपतीनंतर भावोजींची वरसेची म्हातारी कुत्री गेली. नणंदेनं फोनवर सांगितलं होतं. त्यानंतर ते आमच्याकडे आले तेव्हा अंगणात थांबलेच नाहीत. सरळ आत येऊन पाटावर बसले, चांगल्या जावयासारखे. मला फार वाईट वाटलं. खड्ड्यांबद्दल बोलले, उकाड्याबद्दल बोलले. मध्येच ओठावरून जीभ फिरवायचे, मान वळवायचे, जांभई द्यायचे. मी सांत्वनाचं काहीतरी बोलणार, तोच नानांनी मला हातानं थांबवलं. स्वतःचा पाट ओढला आणि भावोजींच्या बाजूला, त्यांच्याकडे न बघता, दाराकडे तोंड करून बसले. थोड्या वेळानं गेरू आत आला आणि भावोजींच्या पायावर अंग टाकून पडला. त्याच्या मानेवर हात ठेवून भावोजी रडू लागले. नाना तसेच दाराकडे बघत राहिले.

"वहिनी," डोळे पुसत ते मला म्हणाले, "वडे थंड झाले असतील."

"होऊ देत," मी म्हटलं. "घाई कुणाला हाय?"