ड्रायव्हर उतरला, आकडा हलला नाही

मित्रांनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

खामगावजवळच्या एका कापसाच्या जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर मी डिस्प्ले बसवून दिलाय. छोटा, स्वस्त कॉम्प्युटर बोर्ड. काळा पडदा, पांढरे आकडे, एवढं तो झकास दाखवायचा. पण मला हौस! आज भरलेल्या ट्रॉल्या मोजून झाल्यावर त्यावर मोठ्या कॉम्प्युटरसारख्या खिडक्या, रंग, माऊस सगळं चढवलं.

मग कापूस खाली करून रिकामी ट्रॉली काट्यावर आली. आमच्याकडे ट्रॉली भरलेली असो की रिकामी, ड्रायव्हर उतरतो, आकडा घटतो, मगच पावती निघते; भरलेल्यातून रिकामीचं वजन वजा केलं की कापसाचं वजन. ड्रायव्हर उतरला. काटा सांभाळणारे गजानन काका पडद्याकडे पाहतच राहिले.

"थांब बे! तो उतरला, पण तुह्या टीव्हीले अजून माहीतच नाही!"

बऱ्याच वेळाने आकडा घटला. बिचारा प्रोसेसर खिडक्या रंगवण्यातच दमला होता. मी तिथंच सगळं काढून काळा पडदा परत आणला.

"आता जित्ता वाटते," काका म्हणाले.

पण त्याआधी, खिडक्या चालू असतानाच, काका चहाला गेले होते, तेव्हा दोन रिकाम्या ट्रॉल्या मीच, आकडा घटला की नाही हे न बघता, मोजून सोडल्या. ड्रायव्हरच्या वजनाइतका कापूस त्या शेतकऱ्यांचा गेला असेल का?

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी त्या शेतकऱ्यांचे फोन नंबर शोधून राह्यलो.