सॉल्वेग ब्रेकेचं शिफारसपत्र

आमच्या मिनेसोटातल्या छोट्या कॉलेजात, पुढे कायदा शिकायला जाऊ पाहणाऱ्या पोरांना मी एकोणीस वर्षं सल्ला देतेय. पोरं ऐकतात, मान डोलावतात आणि खोलीवर जाऊन नेमकं उलटं करतात. त्यात पहिला नंबर सॉल्वेग ब्रेकेचा.

ही पोरगी गाईंच्या गोठ्यात वाढलेली, सहा फूट उंच आणि जन्मजात भांडखोर. कॅन्टीनमधल्या हॉटडिशला, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या पदार्थाला, ‘चिकनची’ म्हटलं म्हणून तिने आचाऱ्याला अर्धा तास उभं केलं होतं. वकील होण्यापलीकडे तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. अर्ज तिने एकाच लॉ स्कूलला केला. प्रवेश परीक्षेचे गुण मात्र अगदी काठावर.

“गुण काठावर असले की संशोधन कामाला येतं,” मी तिला म्हटलं. “तीन वर्षं प्रिबिल सरांकडे काढलीस ना? तेच छान रंगवून लिही.”

डॉ. मिलान प्रिबिल आमचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. रानहंस माणसाचा चेहरा ओळखतात, हा त्यांचा सिद्धांत. तो सिद्ध करायला सॉल्वेगने रबरी म्हाताऱ्याचा मुखवटा चढवून, हातात झाडू घेऊन तळ्यावरच्या हंसांना महिनाभर पिटाळलं. पुढे ती झाडूशिवाय नुसती मुखवटा घालून गेली तरी हंस तिच्या अंगावर धावायचे. मुखवटा नसला की ढुंकून बघायचे नाहीत. सर खूश. लेख तयार. लेखावर दोघांची नावं.

आणि मग एका सकाळी सॉल्वेग मुखवटा घालून गेली, पण नेहमीचा पिवळा रेनकोट विसरली. हंसांनी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी ती मुखवटा न घालता, नुसता पिवळा रेनकोट घालून ग्रंथालयाकडे निघाली, तर चाळीस हंसांनी तिला दारापर्यंत पळवत नेलं. तीन वर्षं मुखवट्याबरोबर दर वेळी तोच रेनकोट होता, आणि हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं!

तिने सरांना तिथल्या तिथे सांगितलं. सर म्हणाले, “हंसांचा मूड नसेल.” ती म्हणाली, “चाळीस जणांचा एकदम?” दोन आठवडे दोघं भांडले. शेवटी सरांनी लेख मागे घेतला आणि तिच्याशी बोलणं टाकलं.

आता अर्जाला शिफारसपत्र हवं होतं, आणि तेही याच माणसाचं. आमच्याकडे विद्यार्थी आधीच सही करून देतो की आपण हे पत्र वाचणार नाही. म्हणजे आपल्याबद्दल काय लिहिलंय हे जगाला कळतं, आपल्याला नाही. सॉल्वेगने सही केली आणि अर्जासोबत जोडायचा निबंध माझ्यापुढे ठेवला. निबंधभर रेनकोट.

“अगं बाई, हा अर्ज आहे की कबुलीजबाब?” मी ओरडले. “फसलेलं संशोधन कुणी मिरवतं का?”

“पण मिसेस टॉलेफसन, मी केलं ते एवढंच. दुसरं लिहिलं तर खोटं होईल.”

“खोटं नको लिहूस, पण गप्प तर बसशील?”

“गप्प बसणाऱ्या वकिलाला कोण विचारतं?”

मी चिडून निबंध तिच्याकडे परत सरकवला. अर्ज तसाच गेला.

आठवड्याने कॉफीच्या यंत्रापाशी प्रिबिल भेटले. मी सहज विचारलं, “सॉल्वेगचं पत्र पाठवलंत ना?”

“पाठवलं. चार पानं. सगळी भांडणं लिहिली आहेत, तारीखवार.”

“अहो, पोरीचं वाटोळं कराल!”

“तुम्ही खरं लिहायला सांगता ना पोरांना? मग मीही खरंच लिहिलं.”

मला त्यांच्या डोक्यावर कॉफी ओतावीशी वाटली. सॉल्वेगला मी यातलं काही सांगितलं नाही. ती रोज दारात डोकावून विचारायची, “काही कळलं?” आणि मी कपाटातल्या फायली उगाच इकडच्या तिकडे करायचे.

मार्चमध्ये लॉ स्कूलच्या प्रवेश विभागातल्या बाईंचा फोन आला. “तुमची ब्रेके आम्ही घेतली,” त्या हसत म्हणाल्या. “‘हुशार, मेहनती, नम्र’ अशी पत्रं आम्ही दिवसाला शंभर वाचतो. पण एक प्राध्यापक चार पानं विद्यार्थिनीवर आग पाखडतो आणि शेवटी लिहितो, ‘ती बरोबर होती आणि मी चूक,’ असं पत्र आम्हाला कधी आलं नव्हतं. तिचा निबंध आणि ते पत्र, दोन्ही ओळीला ओळ जुळतात.”

सॉल्वेगने माझ्या खोलीत अशी आरोळी ठोकली की शेजारचे हिशेबनीस धावत आले. मी रडले, तीही रडली. तिला तिथेच सोडून मी प्रिबिलना गाठायला प्रयोगशाळेत धावले.

“मिळाला प्रवेश! ऑगस्टमध्ये जाणार ती.”

ते स्टूल ओढून खाली बसले.

“मग इथे माझ्याशी भांडणार कोण?” ते म्हणाले.