अण्णांनी धुतलेली बग्गी

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. दसऱ्यानंतरच्या रविवारी सांगलीत रिमोटच्या गाड्यांची रेस आहे असं कळलं आणि इकडे साताऱ्यात माझी झोप उडाली...

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझ्याकडे एक बग्गी होती. मस्कतच्या काकांनी मी शाळेत असताना आणलेली, खडबडीत जमिनीवर पळणारी, मागे जाड काटेरी टायर असलेली. तोपर्यंत ती पार म्हातारी झाली होती.

रेसमध्ये उतरायचं तर तिला तरुण करणं भाग होतं. चाकांतले प्लास्टिकचे बुश काढून बॉलबेअरिंग बसवली, जास्त ताकदीची मोटर मिळवली, मागचे शॉकॲब्सॉर्बर उघडून त्यात घट्ट ऑइल भरलं. सगळा पावसाळा यात गेला. अभ्यासाचं काय झालं ते विचारू नका.

आमची पिठाची गिरणी होती. वडिलांना, म्हणजे अण्णांना, माझं हे वेड अजिबात पसंत नव्हतं. घोड्याएवढा झालाय आणि खेळण्याशी खेळतोय, हे ते दळण घ्यायला आलेल्या बायकांसमोरही म्हणायचे. मी ऐकू न आल्यासारखं करायचो... पण लागायचं.

खरं सांगायचं तर रेस जिंकण्यापेक्षाही मला एक वेगळीच आस होती. अण्णांनी एकदा तरी त्या बग्गीकडे यंत्र म्हणून बघावं.

एका संध्याकाळी मी मागच्या अंगणात चाक उघडून बसलो होतो. अण्णा जाता जाता थांबले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "ह्यात बी बेअरिंग असत्यात व्हय?" बस, एवढंच बोलून गेले. मी मात्र पुढचा आठवडाभर हवेत होतो.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी गिरणी बंद. घरातलं प्रत्येक अवजार धुऊन-पुसून पाटावर मांडायचं आणि त्याची पूजा करायची. आईने मला झेंडू आणायला मोती चौकात पिटाळलं.

परत येऊन बघतो तर पाटावर तराजू, वजनं, कोयता, गिरणीच्या दगडांना टाकी लावायचा हातोडा... आणि अगदी मधोमध माझी बग्गी. लख्ख. आणि ओली.

अण्णांनी ती बादलीत बुचकळून, साबण लावून, ब्रशने घासून धुतली होती. बॅटरीसकट. टायरच्या काट्यांमध्ये अडकलेली माती काडीने कोरून काढली होती. मी बघतच राहिलो, तर म्हणाले, "यंत्र हाय ते. पूजेला पारोसं कसं ठेवायचं?"

सगळ्यात आधी कुंकू लावलं ते बग्गीला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते नक्की कशाचं हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

दसराभर तिची सगळी आतडी बाहेर काढून उन्हात ठेवली. आत रिमोटचे सिग्नल पकडणारी डबी असते, तिच्यावर माझा खरा जीव टांगलेला होता. शनिवारी बॅटरी जोडली आणि गाडी चक्क पळाली. देव पावला म्हटलं.

आणि त्याच रात्री जेवताना अण्णांनी जाहीर केलं की उद्या तेही सांगलीला येणार. खंडेनवमी सोडली तर घरात मयत असल्याशिवाय गिरणीला कुलूप न लावणारा माणूस हा. एसटीत बग्गी त्यांच्याच मांडीवर होती, नव्या टॉवेलात गुंडाळलेली. शेजारच्या माणसाला ते सांगत होते, पोराने स्वतः बेअरिंग घातल्यात.

सांगलीत एका मैदानावर मातीचे उंचवटे करून ट्रॅक बनवला होता. पुण्या-कोल्हापूरच्या पोरांकडे कोऱ्या गाड्या. शिट्टी झाली आणि आमची म्हातारी सगळ्यांच्या पुढे सुटली... पहिला उंचवटा तिने असा काही पार केला की अण्णांनी माझा खांदा धरला.

आणि तिथेच पुढची चाकं डावीकडे वळली, ती वळलेलीच राहिली. बग्गी स्वतःभोवती गरागरा फिरायला लागली. लोक हसले. मग ती थांबली.

आयोजकांपैकी एकाने ती उघडली. आतली डबी हिरवट पडली होती. "पाणी गेलंय की आत. धुतली काय कुणी?" त्याने सहज विचारलं. अण्णा माझ्या शेजारीच उभे होते.

परतीच्या एसटीत कराडपर्यंत मी त्यांना पटवत राहिलो. बॅटरी जुनी होती, सोल्डरिंग माझंच कच्चं होतं, ती डबी तशीही जाणारच होती. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मी खोटं बोलतोय हे त्यांना कळत होतं, आणि ते का बोलतोय हेही. कराड सुटल्यावर म्हणाले, "इथनं फुडं तुझी गाडी तूच पुसत जा बाबा. मला त्यातलं काय कळत न्हाई."

गिरणीचा पट्टा कुठे घासतोय हे घरात बसून नुसत्या आवाजावरून सांगणारा माणूस. एखाद्या यंत्राबद्दल असं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

गाडी पुढे दुरुस्त झाली, एक-दोन रेसही मारल्या. अण्णांना किती वेळा बोलावलं... प्रत्येक वेळी गिरणीत काहीतरी काम निघायचं. पुढच्या खंडेनवमीला मीच ती कोरड्या फडक्याने पुसून पाटावर ठेवली. अण्णांनी सगळ्या अवजारांना हळदकुंकू लावलं. बग्गीपाशी आल्यावर थबकले आणि झेंडूचं एक फूल वरूनच तिच्यावर सोडलं, बोट लागू न देता.

रेस हरल्याची हळहळ केव्हाच विरली. पण माझ्या वेडाला इतक्या मायेने हात लावणारा तो एकच माणूस होता, आणि मी काहीही केलं तरी तो हात पुन्हा पुढे आला नाही.