लाल बोटं आणि राहिलेली पाच पानं

"हात पुढं कर."

मी केले. दहाही बोटं लाल. शेठाणीबाईंनी माझ्या हाताला हात लावला नाही. फुटपट्टीनं तळवा उचलला, मेलेला उंदीर उलटा करून पाहावा तसा. त्यांच्या दुसऱ्या हातात पुस्तक होतं. त्याच्या पानापानावर तीच लाल बोटं.

"पाहा, आमच्या पोरीच्या पुस्तकात कोण चरून गेलं ते!"

पडवीत पाच-सहा विणकर लुगडी जमा करायला आलेले. त्यांच्यात माझा बाप. डोक्यावरचं गाठोडंही अजून उतरवलं नव्हतं त्यानं.

मी परकरात मुतले. हो, मुतले. सत्तरीला आले, आता लपवून काय करू? चौदा वर्षांची वाघीण होते ना मी!

आम्ही पवनीचे विणणारे. सूत शेठचं, माग आमचा. सकाळची शाळा सुटली की मी शेठच्या पडवीत कांड्या भरायला जायची. चरखा फिरवायचा, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या कांडीवर सूत गुंडाळायचं. दुपारी ते घर झोपायचं. झोपाळ्यावर शेठच्या मुलीचं पुस्तक पडलेलं असायचं. ती दोन पानांत कंटाळली होती. मी नाही कंटाळले.

कादंबरी होती, आमच्याच वयाच्या पोरींसाठी लिहिलेली. पंधरा वर्षांची एक पोरगी हरवलेल्या भावाला शोधायला सायकलवर निघते. गावोगावी माणसं विचारतात, कोणाची गं तू? आधी ती बापाचं नाव सांगते. मग गावाचं. मग एका गावात काहीच सांगत नाही, पायडल मारते आणि पुढं जाते.

त्या गप्प राहण्यापाशी मी तीन दिवस अडकले. मला कोणी विचारलं तर मी बापाचं नाव सांगायची, मग ज्याचं सूत त्या शेठचं. ही दोन्ही नावं काढली तर खाली काय उरतं? विहिरीत वाकून पाहावं आणि पाणीच दिसू नये, तशी भीती वाटली.

आणि अकलेचे तारे तर पाहा! कोंढा गावची आत्या घरी आली होती. "भात वाढू का वं?" म्हणाली. मी म्हटलं, "आधी मी कोण आहो, ते ठरू दे." आत्यानं ताट उचलून नेलं. दिवसभर उपाशी राहिले. कोण आहे ते तेव्हाही ठरलं नाही.

पांढऱ्या सुताचे दिवस होते तोवर मी साव होते. मग लाल सूत आलं. कच्चा रंग, ओल्या हाताला उतरायचा. बोटं परकराला पुसली की झालं, असं मला वाटलं. केवढी हुशार! ओळीखाली बोट ठेवून वाचायची माझी सवय. जिथं थांबले तिथं डाग. जास्त थांबले तिथं जास्त लाल. गप्प राहण्याच्या पानावर तर अख्खा अंगठा.

"कान धर. म्हण, मी चोर आहो," शेठाणीबाई म्हणाल्या.

"म्हण ना बाई," बाप म्हणाला. "म्हणून टाक. बाईसाहेब, लेकरू हाय, चुकलं."

गाठोडं अजून डोक्यावरच होतं. सूत बंद झालं तर माग बंद, हे मलाही कळत होतं. मी कान धरले. "मी..." पुढचा शब्द फुटेना.

"वाचून काय समजलं वं तुले? कांड्या भरणारीले?" शेठाणीबाईंनी विचारलं.

सगळे हसले. माझा बापही हसला. भीतीनं हसला. पण हसला.

"जाय, बंबात टाक ते. तुया हातचं आता कोण वाचन?"

पुस्तक माझ्या पायाशी पडलं. उचललं. अंगणात बंब पेटलेला. वीस पावलं असतील. मांड्या ओल्या. धग तोंडावर आली. शेवटची पाच पानं राहिली होती. भाऊ सापडला का? तिथंच उभं राहून वाचून घ्यावं, असं मनात आलं. तिकडे बापाचा जीव चाललाय, आणि या लेकीला शेवट पाहिजे!

मी परत फिरले. पुस्तक झोपाळ्यावर ठेवलं, जिथून उचलायची तिथंच.

"वाचलं मी. चोरलं नाई. जाळाचं असन तं तुम्ही जाळा."

आवाज चिमणीएवढा निघाला. पण निघाला. या वेळी कोणी हसलं नाही.

शेठाणीबाईंनीच जाळलं. धूर मी रस्त्यावरून पाहिला. आठ दिवसांत सूत बंद. बाप आसगावला लोकांच्या धानात राबला. मरेपर्यंत त्यानं मला दोष दिला नाही. बरोबर केलंस, असंही म्हणाला नाही. आणि त्या भावाचं काय झालं, मला आजही माहीत नाही.

आता माझी नात पंधराची आहे. तिच्या दप्तरात एक कादंबरी आहे, घर सोडून गेलेल्या पोरीची. नात जेवताना हरवते, विचारलं तर गप्प राहते. काल माझा मुलगा म्हणाला, "माय, ते आंघोळीले गेली का दप्तरातून पुस्तक काढून घे. तुयावर तिचा शक नाई जाणार."

"काहून?"

"डोक्स्यात काय काय भरून राहिली ते! उद्या निघून गेली तं?"

त्याची भीती खोटी नव्हती. मलाही वाटलं, खरंच गेली तर? नात आंघोळीला गेली. मोरीत पाणी पडत होतं. मी दप्तर मांडीवर घेतलं. चेन अर्धी उघडली. हो, मीच उघडली.

मग माझी बोटं दिसली. सुरकुतलेली, घामेजलेली. रंग कधीचाच गेलेला. फुटपट्टी तेवढी हातात नव्हती.

चेन लावली. मुलाला हाक मारली.

"दप्तर मी उघडत नाई. तुलेही उघडू देत नाई. ते गेली तं शोधाले जाऊ, तू अन् मी. पण पुस्तकाले हात लावाचा नाई."

मी दप्तर पाठीशी घेतलं आणि दारात बसले. भीती त्या पडवीत होती तेवढीच वाटत होती. परकराच्या जागी लुगडं, एवढाच फरक. मी उठले नाही. उठणारही नाही.