हॉर्न न वाजवता चहा

दुबईत चहा प्यायला कोणी गाडीतून उतरत नसे. कॅफेटेरियासमोर गाडी उभी करायची आणि हॉर्न वाजवायचा. आतून माणूस धावत येणार, खिडकीतून ऑर्डर घेणार, खिडकीतूनच चहा देणार. नव्वदच्या दशकात आम्ही अल कुसैसला राहायचो तेव्हा अख्खं शहर असाच चहा प्यायचं. अपवाद माझा नवरा. तो उतरायचा, दार ढकलून आत जायचा आणि काउंटरपाशी बसायला स्टूल आहे का ते बघायचा. मागच्या सीटवरून मुलगी म्हणायची, "बाबा, एव्हरीबडी जस्ट हॉन्क्स." बाबाला ते ऐकू यायचं नाही.

जुन्या कॅफेटेरियांचा त्याला नाद होता. सनमायकाचा लांब काउंटर, त्याच्यासमोर जमिनीत रोवलेली गोल फिरती स्टुलं आणि पलीकडे चहा करणारा माणूस, एवढं असलं की त्याचं समाधान. अशी जागा कुठे शिल्लक आहे असं कळलं की शुक्रवारच्या सुट्टीला आम्ही निघालोच. शारजा, अजमान, एकदा तर थेट रास अल खैमा. बाकीची कुटुंबं बीचवर जायची. आम्ही कुठल्यातरी टायरच्या दुकानाशेजारी डब्यातल्या दुधाचा चहा घेत बसायचो आणि तो काउंटरचे फोटो काढायचा. त्या सगळ्या फोटोंत मी एका कोपऱ्यात आहे आणि वैतागलेली आहे. बहुतेक ठिकाणी तर आम्ही पोचेपर्यंत काउंटर गेलेला असायचा.

देरा या दुबईतल्याच जुन्या भागातला एक काउंटर पाडत होते, तिथून त्यानं मजुरांकडे मागून एक स्टूल घरी आणलं. जमिनीत रोवलेलं स्टूल उपटलं की उभं राहत नाही, हे आम्हाला घरी आल्यावर कळलं. ते बाल्कनीत आडवं पडून राहिलं. "हे जागच्या जागीच टिकवायला हवं," तो म्हणाला. मी म्हटलं, माझी कपडे वाळत घालायची जागा सोडून कुठेही टिकव.

मग पाच स्टुलांचा एक धडधाकट काउंटर सापडला. अर्धी यूएई पालथी घातल्यावर, आमच्याच बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत. मालक रत्नागिरीकडचे, वयानं मोठे. त्यांना आम्ही चाचा म्हणायला लागलो. स्टुलांचं रेक्झिन नव्यासारखं होतं, कारण त्यांच्यावर कोणी बसतच नव्हतं. आमचे शुक्रवार तिथे जायला लागले आणि पेट्रोल वाचायला लागलं.

एका शुक्रवारी चाचा आपणहून म्हणाले, "साहेब, हा काउंटर आता काढणार. अर्धी जागा मोबाइलवाल्याला देतो. रेंट तरी सुटेल."

"काढू नका हो, चाचा. असा पीस आता कुठे राहिला नाहीये."

"पीस घेऊन मी काय करू? आत बसतो कोण? तुम्ही तिघं. बाकी सगळे हॉर्न मारतात. खलास."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. "ऐकलंत?" चाचा म्हणाले.

आता नवरा सनमायकाचं कौतुक सुरू करणार, या तयारीनं मी पर्स उचलली. पण तो म्हणाला, "ज्याच्याकडे गाडी नाही त्यानं हॉर्न कशाचा वाजवायचा, चाचा?"

मग तो सांगत गेला. मला आणि मुलीला आणण्याआधी दोन वर्षं तो इथे एकटा होता. एका खोलीत दाटीवाटीनं कॉट, प्रत्येकाची ड्यूटी वेगळी, जवळ ना गाडी ना लायसन्स. शुक्रवारी तो देरामधल्या एका काउंटरपाशी जाऊन बसायचा. तोच काउंटर, ज्याचं स्टूल आमच्या बाल्कनीत पडलं होतं. "पलीकडचा माणूस विचारायचा, साखर किती? दिवसभरात तेवढंच माझ्याशी कोणी बोलायचं. म्हणून मी तीन-तीन चहा प्यायचो."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. त्या दोन वर्षांत फोनवर त्याचा प्रत्येक शुक्रवार मजेत गेलेला असायचा. मुलगी स्टुलावर गिरक्या घेत होती, ती थांबली.

"देखेंगे, इन्शाल्ला," चाचा म्हणाले. तिथे इन्शाल्ला म्हणजे बहुधा नाही, एवढं आम्हाला एव्हाना कळायला लागलं होतं.

त्यानंतर आम्ही सुट्टीला पुण्याला गेलो. परत आल्यावर त्याचा पाय काही त्या गल्लीकडे वळेना. शेवटी एकदा बाजारातून येताना मीच त्याला गाडी त्या गल्लीत वळवायला लावली. मोबाइलचं दुकान झालं होतं, चकचकीत. पण चाचांनी काउंटर करवतीनं कापून एक तुकडा जागेवर ठेवला होता, दोन स्टुलांपुरता. आम्ही दोघं बसलो, मुलगी माझ्याशेजारी उभी राहिली. चाचांनी विचारलं, "साखर किती?" त्याची साखर त्यांना केव्हाची पाठ होती. नवरा म्हणाला, "एक."

चहा समोर आला तेवढ्यात दार उघडून एक तरुण आत आला. पायात नवे बूट, काखेत प्लॅस्टिकची फाइल. दोन्ही स्टुलं भरलेली पाहून तो "सॉरी" म्हणाला आणि माघारी वळला.

"बैठिए, हमारा हो गया," नवरा उठत म्हणाला. त्याचा कप काठोकाठ भरलेला होता. मी माझा घोट तसाच गिळला आणि उठले.

आम्ही तिघं गाडीत येऊन बसलो. त्यानं खिडकीची काच खाली केली. मग त्यानं हॉर्न वाजवला, अगदी हळूच. मागून मुलगी म्हणाली, "फायनली."

चहा यायला बराच वेळ लागला. काचेतून दिसत होतं, चाचा काउंटरवर रेलून त्या मुलाशी बोलत होते. नवऱ्यानं पुन्हा हॉर्न वाजवला नाही.